शंभरातले एकाहत्तर

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला गिरगावातल्या प्रत्येक घरानं काही ना काही दिलं. कोणी तुरुंगात गेलं, कोणी लाठ्या खाल्ल्या, समोरच्या चाळीतल्या एका म्हाताऱ्यानं सत्याग्रहींना पोत्यानं चणे पुरवले. आमच्या घरातून मी मराठी भाषेला सदतीस नवे शब्द दिले. माझ्याकडून त्यांतला एकही पुढं कोणी घेतला नाही. भाषेच्या दृष्टीनं हे फार बरं झालं.

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मोर्चाला जायचो, पण मागच्या रांगेत, कारण चष्मा फुटला असता तर दुसरा मिळायला आठवडा लागला असता. घोषणा मात्र खच्चून द्यायचो आणि बसलेला घसा घेऊन अभिमानानं घरी यायचो. आल्यावर मुंबई कुणाची हे वडिलांना समजावून सांगायचो. वडील एका आगबोट कंपनीत हेडक्लार्क होते. आमच्या चार पिढ्या गिरगावातच गेल्यामुळं मुंबई कुणाची हा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नव्हता. ते वर्तमानपत्र बाजूला करून माझं सगळं ऐकून घेत आणि मग विचारत की हजामत कधी करणार आहेस.

एका सभेत एक वक्ते म्हणाले की उद्या आपलं राज्य आलं की सगळं शास्त्र मराठीत शिकवलं पाहिजे. बहुधा त्यांनी हे टाळ्यांसाठी म्हटलं असावं. टाळ्या पडल्याही. पण मी ती गोष्ट अंगावर घेतली. कॉलेजात आमचा उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनांचा विषय नुकताच सुरू झाला होता. एवढी मोठी मराठी भाषा, आणि तिच्यात कंडेन्सरला शब्द नाही, हे मला सहन होईना. मी एक वही केली आणि संस्कृत कोश घेऊन शब्द पाडायला बसलो. पाडलेले शब्द वडिलांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की हे सगळं तुला आधी इंग्रजीत कळलंय ना. मला त्यांचा राग आला. त्यांच्या पिढीची गुलाम वृत्ती, असं काहीतरी मी मनात म्हणालो. मनातच म्हणालो, कारण जेवणाची वेळ झाली होती.

आता एवढे शब्द तयार झाल्यावर ते कुणाला तरी शिकवणं भाग होतं. कॉलेजातले मित्र वही बघून हसायचे. तेव्हा चळवळीत ओळख झालेल्या एकानं सुचवलं की लालबागच्या व्यायामशाळेत रविवारी सकाळी वर्ग घे. गिरण्यांत बॉयलरवर काम करणारे फायरमन तिथं येतील. त्यांना बॉयलर अटेंडंटची परीक्षा द्यायची असते, तोंडी असते, आणि साहेबापुढं त्यांना बोलता येत नाही. त्यांना थोडं शास्त्र समजावलंस तर उपकार होतील. मी लगेच हो म्हटलं. बॉयलर मी तोपर्यंत फक्त पुस्तकात पाहिला होता, तोही उभा कापलेला.

पहिल्या रविवारी सात जण आले. मी ट्रामनं, धुतलेला लेंगा-झब्बा घालून, वही छातीशी धरून गेलो. मलखांबाच्या शेजारी भिंतीला फळा टेकवला होता. त्यांना हवं होतं ते साधं होतं: पंप बिघडला तर काय करायचं, वाफेचा दाब वाढला तर काय करायचं, आणि हे साहेबाला सांगायचं कसं. मी त्यांना आदर्श इंजिन शिकवायला सुरुवात केली.

आदर्श इंजिन हे कुठल्याही गिरणीत नसतं. ते फक्त कागदावर चालतं. त्यात घर्षण नाही, गळती नाही, घाई नाही. गरम बाजूकडून उष्णता घ्यायची, तिच्यातल्या थोड्या भागाचं काम करायचं, उरलेली थंड बाजूला टाकून द्यायची, आणि परत पहिल्या जागी येऊन पुन्हा तेच. फळ्यावर त्याची आकृती काढली की तिरक्या करंजीसारखी दिसते. त्या करंजीच्या चार कडांना मी चार शब्द पाडले होते. ते म्हणताना माझीच जीभ अडखळायची, पण अडखळणं म्हणजे खोली, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच दिवशी एका जाड मिशीवाल्या फायरमननं विचारलं की हे जर आदर्श इंजिन आहे तर ते उष्णता टाकून का देतं. मी म्हणालो की टाकावीच लागते, निसर्गाचा नियम आहे. ते म्हणाले, मग आदर्श कसलं. मी पाऊण तास उत्तर दिलं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी तिघं आले नाहीत. दिवाळीपर्यंत माझा वर्ग एका माणसावर आला.

हे उरलेले फायरमन परळच्या एका गिरणीत वीस वर्षं बॉयलरवर होते. वय चाळिशीचं, मूळचे कोकणातले. घरादारानं नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. पूर्वी त्यांच्या लोकांना गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या जागी, कोणी घेत नसे, त्यामुळं कामाला लागले ते कोळशाजवळच. पुढं बॉयलरचं सगळं काम त्यांनी बघून बघून शिकून घेतलं. त्यांनी हाताला धरून तयार केलेली दोन माणसं सर्टिफिकेट मिळवून त्यांच्या वर अटेंडंट झाली होती. ती खुर्चीवर बसायची आणि काही अडलं की यांनाच हाक मारायची. हे एकदा परीक्षेला बसले होते, पण साहेबापुढं त्यांची वाचाच बसली. आता दुसऱ्यांदा बसणार होते. सर्टिफिकेट मिळालं असतं तर पाळीचा बॉयलर त्यांच्या नावावर चालला असता आणि पुढं त्यांना कोणी तिथून हलवू शकलं नसतं. हे त्यांनी मला अगदी सरळ सांगितलं होतं. मी त्यावर मान डोलावली आणि त्यांना करंजीची तिसरी कड समजावली.

ते मला मास्तर म्हणायचे. माझ्या दुप्पट वयाचा माणूस रात्रपाळीचे कपडे बदलून, केस नीट विंचरून माझ्यापुढं वही उघडून बसायचा, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. माझा प्रत्येक शब्द ते टिपून घ्यायचे. फक्त एक करायचे: शब्द लिहून झाला की विचारायचे, ह्याला साहेब काय म्हणतो. मग तो इंग्रजी शब्द खाली मराठी अक्षरांत लिहायचे. मला हे लागायचं. मी त्यांना सांगितलं की आपलं राज्य आलं की साहेबच तुमचा शब्द वापरेल. ते म्हणाले, व्हय, पण परीक्षा त्याच्या आधी हाय.

परीक्षेला दीड महिना असताना मी त्यांना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिकवली. इंजिनात घातलेल्या उष्णतेतल्या शंभर भागांपैकी जास्तीत जास्त किती भागांचं काम होऊ शकतं, हे काढायची रीत सोपी आहे. थंड बाजूच्या तापमानाला गरम बाजूच्या तापमानानं भागायचं आणि ते एकातून वजा करायचं. बस. त्यांच्या गिरणीतली वाफ तीनशे ऐंशी अंश फॅरनहाइट, आणि काम करून वाफ जिथं निवते तो कंडेन्सर एकशे दहा अंश. मी फळ्यावर भागाकार केला. उत्तर आलं शंभरातले एकाहत्तर.

एकाहत्तरखाली मी दोन रेघा मारल्या.

इथं वाचकाला खरी गोष्ट सांगायला हवी. थर्मामीटरवरचं शून्य हे उष्णतेचं खरं शून्य नव्हे. खरं शून्य त्याच्याही खाली चारशे साठ अंशांवर आहे. म्हणून या हिशेबात प्रत्येक तापमानात आधी चारशे साठ मिळवावे लागतात. ते न मिळवणं म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभं राहून तिसऱ्या मजल्याची उंची मोजण्यासारखं आहे. कॉलेजच्या पुस्तकातल्या उदाहरणांत हे आकडे आयतेच मिळवून दिलेले असत, आणि वर स्पष्ट लिहिलेलं असे की तापमान अमुक एका प्रकारचं घ्यावं. त्या प्रकाराला मी मराठी शब्द पाडला होता, निरपेक्ष तापमान. हा माझा सगळ्यात लाडका शब्द. तो सुचला त्या दिवशी मी इतका खूश झालो की त्या शब्दानं काय करायला सांगितलं आहे ते बघायचं राहूनच गेलं. फळ्यावर मी सुंदर अक्षरांत निरपेक्ष तापमान असं लिहिलं आणि त्याच्याखाली भिंतीवरच्या थर्मामीटरचे आकडे मांडले.

त्यांनी मात्र त्या एकाहत्तरकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की येवढं कसं असंल. कंडेन्सरचं पाणी गिरणीच्या तळ्यात जातं, आणि ते इतकं गरम असतं की पाळी सुटल्यावर थंडीच्या दिवसांत माणसं त्यानं आंघोळ करतात. अख्खं तळं तापतं. शंभरातले एकाहत्तर जर इंजनाच्या चाकाला गेले, तर येवढं मोठं तळं कशानं तापतं.

आज मागे वळून पाहतो तेव्हा कळतं की उष्णतेच्या शास्त्रावर त्या व्यायामशाळेत विचारलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता. मी तो उडवून लावला. म्हणालो की हे आदर्श इंजिनाचं गणित आहे. तुमच्या इंजिनात एकाहत्तर मिळत नसतील तर दोष गणिताचा नाही, तुमच्या इंजिनाचा आहे, गळतीचा आहे, हलगर्जीचा आहे. हलगर्जी हा शब्द मी वापरला, हे मला पक्कं आठवतं.

पुढचे पाच-सहा रविवार ते येऊन सांगायचे की ह्या आठवड्यात वाफेच्या पायपाला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, ह्या आठवड्यात दोन सांधे घट्ट केले. एकाहत्तरातले न मिळणारे भाग आपल्या वीस वर्षांच्या हलगर्जीत कुठं वाया गेले ते ते शोधत होते. कोळसा थोडा कमी लागायलाही लागला होता. पण एकाहत्तर काही येईनात. ते थोडे ओशाळवाणे होऊन सांगायचे, आणि मी त्यांना धीर द्यायचो की प्रयत्न सोडू नका.

मग त्यांची परीक्षा झाली. मी विचारलं तेव्हा म्हणाले की निकाल कागदानं येणार आहे, वेळ लागेल. वर्गाला येत राहिले. मीही शिकवत राहिलो. माझे शब्द तोपर्यंत सदतीस झाले होते.

त्यानंतर महिनाभरानं आमच्या कॉलेजात एक बॉयलर तपासणारे अधिकारी व्याख्यानाला आले. गोरेपान, उंच, पाइप ओढणारे, बोलणं इंग्रजीत. फायरमनांची परीक्षाही तेच घेत. वर्ग खुलावा म्हणून त्यांनी परीक्षेतले किस्से सांगायला घेतले. म्हणाले की मागच्या महिन्यात एक परळचा फायरमन आला होता. मी त्याला विचारलं की कोळसा वाचवायला काय करशील, तर हा गडी कागद मागतो आणि त्यावर आदर्श इंजिनाची आकृती काढतो. मुलं हसली. मी हसलो नाही. माझी छाती फुगली होती. पुढं ते म्हणाले की त्यानं मला सांगितलं, साहेब, आमच्या वाफेतून शंभरातले एकाहत्तर भाग मिळायला पाहिजेत, मिळत नाहीत तो आमचा दोष. सगळा वर्ग हसत सुटला.

मला वाटलं साहेबालाच येत नाही. मी हात वर केला, उभा राहिलो आणि म्हणालो की सर, एकाहत्तर बरोबर आहे.

त्यांनी मला मोठ्या प्रेमानं फळ्यापाशी बोलावलं. मी ठसठशीत आकड्यांत भागाकार मांडला. मागच्या बाकावरून कोणीतरी फक्त चारशे साठ असं म्हणालं. एवढंच. मला तो आकडा ऐकून आधी काहीच कळलं नाही. मग पायांतून कळत कळत वर आलं. तीनशे ऐंशीचे आठशे चाळीस, एकशे दहाचे पाचशे सत्तर, आणि उत्तर बत्तीस. एकाहत्तर नाहीच, बत्तीस, आणि तेही आदर्श इंजिनाचं. खरी गिरणी दहा-बारा भाग मिळवत असेल तर तिथल्या माणसांची पाठ थोपटायला हवी होती.

हसू ओसरल्यावर साहेब म्हणाले की त्या माणसाला मी पुढं पंपाबद्दल विचारलं, पाण्याबद्दल विचारलं, पण तो त्या आकृतीतच अडकून बसला होता, म्हणून नापास करावा लागला. मग पाइप तोंडातून काढून म्हणाले, त्याला विचारलं की हे तुला कोणी शिकवलं, तर म्हणतो कोणी नाय साहेब, मीच हिशेब केला. आणि माझ्याकडं वळून हसत म्हणाले की तुमचा दोघांचा मास्तर एकच दिसतो.

उत्तर द्यायला मला भरपूर वेळ होता. मी मुलांबरोबर हसलो आणि जागेवर जाऊन बसलो.

परळचे ते फायरमन पुढच्या खेपेला पास झाले, हे आत्ताच सांगून टाकतो. त्यात माझा काही हात नव्हता. पुढं नोकरीत त्या साहेबांशी माझी दोनदा गाठ पडली, एकदा तर आम्ही शेजारी बसून जेवलो. दोन्ही वेळा मी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. दोन्ही वेळा आम्ही हवापाण्याबद्दल बोललो.

त्या आठवड्याच्या रविवारी मात्र मी लालबागला गेलो. ते नेहमीसारखे आधीच येऊन बसले होते. मी फळ्यावर आधीचं सगळं पुसलं आणि उभ्या उभ्या चुकीची कबुली दिली. चारशे साठ मिळवून हिशेब नव्यानं केला. त्यांनी तो वहीत उतरवून घेतला, बत्तीसपर्यंत आले आणि म्हणाले, म्हंजे तळं बरोबर सांगत होतं. त्यांना त्यातच समाधान वाटलेलं दिसलं. मी विचारलं की नापास झालात ते मला सांगितलं का नाहीत. ते म्हणाले की तुम्ही मनाला लावून घेतलं असतं आणि शिकवायचं सोडलं असतं.

मी म्हणालो की तुम्हाला तेव्हाच शंका आली होती, तुम्ही माझं ऐकायला नको होतं.

"बायलरला काच असते, मास्तर, पाणी किती हाय ते दाखवणारी," ते म्हणाले. "ती काच तुंबते आन खोटं पाणी दाखवते. म्हणून काचेवर आपण विश्वास ठेवत नाय. पाळीला गेलं की आधी खालचा कॉक उघडून बघायचं, पाणी खरं हाय का. वीस वर्षांत एक दिवस मी ते चुकवलं नाय. तुमचं तेवढं उघडून बघितलं नाय. आम्हाला असं समोर बसवून कधी कोणी शिकवलंच नव्हतं, मग बघायचं सुचणार कसं."

मला माझीच लाज वाटत होती, आणि त्यांना हे सगळं सांगायचं तर कॉलेजातला प्रकारही सांगायलाच हवा होता. मी सांगितला. फळ्यापाशी कसा गेलो, मुलं कशी हसली, आणि साहेब शेवटी काय म्हणाले तेही सांगितलं.

"मग तुम्ही काय बोललात?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो की काही नाही, जाऊन बसलो.

ते मान हलवून अगदी मनापासून म्हणाले, "बरं केलंत. उद्या त्याच साहेबाच्या हाताखाली तुम्हाला नोकरी लागायची असंल. माझं काय, मी परत बसंन."

त्यांच्या बोलण्यात टोमणा कुठं आहे का ते मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत शोधत होतो, आणि नंतरही कित्येक वर्षं शोधला. तो नव्हता. असता तर मी हे केव्हाच विसरून गेलो असतो.